चित्र दाखवलं तरी ऐकत नाही

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत आली आहे. शाळेतून किंवा उपचार केंद्रातून चित्रांचा तक्ता मिळाला, भिंतीवर लावला, आणि काही फरक पडला नाही. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत. बऱ्याच पत्रांत ‘मतिमंद’ असं लिहिलेलं होतं. १९९५ च्या कायद्यातली ती जुनी संज्ञा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काढून टाकली. आम्हीही बौद्धिक दिव्यांगत्व असंच लिहितो.

पत्रं वाचताना एक जाणवलं. बहुतेक घरांत चित्र म्हणजे हुकुमाची पाटी झाली आहे. आपल्याला हवं ते करून घ्यायचं असलं की मोठी माणसं चित्रावर बोट ठेवतात. आता काय होणार, ते किती वेळ चालणार आणि संपल्यावर काय, एवढं त्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला दिसावं यासाठी चित्र असतं. आणि त्यालाही आपल्याला काही सांगता यावं यासाठी असतं. पुढची बहुतेक उत्तरं याच धाग्याने जातात.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, मध्यम स्वरूपाचं बौद्धिक दिव्यांगत्व. चार-पाच शब्द बोलतो. सकाळी आंघोळीला न्यायला गेलं की रोज आरडाओरडा. शाळेने बारा चित्रांचा छापील तक्ता दिलाय, तो माजघराच्या भिंतीवर लावला. मी बोट दाखवून समजावते, पण तो बघतच नाही. दोन चित्रं तर फाडलीन. — एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, तक्ता सध्या उतरवून ठेवा. बारा चित्रं एकदम हे फार झालं, आणि ती त्याला कळतात का हे कोणी पाहिलेलं दिसत नाही. शिवाय आंघोळ झाल्यावरही आंघोळीचं चित्र भिंतीवर तसंच राहतं. मग ‘संपलं’ हे त्याला दिसणार कुठे?

आधी त्याला फोटो कळतो का ते पाहू. जमिनीवर त्याच्यासमोर त्याचा आंघोळीचा मग आणि त्याची चप्पल ठेवा, हातभर अंतर राखून. मगाचा कागदावर छापलेला फोटो दाखवा आणि फक्त ‘दे’ म्हणा. तुमचे डोळे मगाकडे जाऊ देऊ नका, मुलं आपल्या नजरेवरून उत्तर उचलतात. असं दहा वेळा करा, एका बैठकीत पाचच. फोटो कधी मगाचा, कधी चपलेचा, आणि वस्तूंच्या जागाही बदलत राहा. दहात आठ किंवा जास्त बरोबर आले तर पुढची कसोटी घ्या: समोर काहीच न ठेवता मगाचा फोटो हातात दिला तर तो उठून मग आणायला जातो का? गेला, तर फोटो चालेल. पहिल्याच कसोटीत पाच-सहा बरोबर आले, तर तो अंदाजाने उचलतो आहे असं समजा. मग फोटोचा आग्रह सोडून खऱ्या वस्तूने सुरुवात करायची. आधी खरी वस्तू, मग तिचा फोटो, मग रंगीत चित्र, त्यानंतर नुसतं रेखाटन आणि शेवटी लिहिलेला शब्द, असा हा चढ असतो. वयावरून यातली पायरी ठरत नाही. नऊ वर्षांचा आहे म्हणजे रेखाटन कळेलच, असं नाही.

वस्तू दिलीत तर तीच वस्तू पुढे कामात आली पाहिजे. हातात मग दिला, तो घेऊन तो न्हाणीत गेला आणि त्याच मगाने अंगावर पाणी घेतलं, तर मगाला अर्थ येतो. खेळण्यातला छोटा मग दाखवून उपयोग नाही.

आता फोटोंची कार्डं लावायची पट्टी. उभी, तीनच घरांची, माजघरातून न्हाणीकडे जायच्या वाटेवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. आपल्या नव्हे, त्याच्या. वर केळं, खाली आंघोळ, त्याखाली झोपाळा किंवा जे त्याला मनापासून आवडतं ते. पट्टीच्या बुडाशी एक रिकामा डबा टांगा. तो ‘झालं’चा डबा.

पण पहिले चार दिवस या पट्टीवर आंघोळ लावूच नका. नुसत्या आवडीच्या गोष्टी लावा: केळं, झोपाळा, अंगणातली सायकल. पट्टी आली की नावडतं काम आलं, असं एकदा मनात बसलं की पट्टी दिसताच पळ काढणार, नाहीतर फाडणार. तुमच्याकडे बहुधा हेच झालं आहे. पाचव्या दिवशी आंघोळ लावा, दोन आवडीच्या गोष्टींच्या मध्ये.

शिकवताना त्याच्या मागे उभं राहा. समोर उभं राहिलं की तो पट्टीऐवजी तुमच्या तोंडाकडे बघतो. ‘आंघोळ’ एवढा एकच शब्द बोला, कार्ड त्याच्या हातात येऊ द्या, आणि कार्डासकट न्हाणीपर्यंत चाला. आंघोळ झाली की अंग पुसून कार्ड डब्यात टाकायला लावा. टाकण्याचा तो ‘टप्’ आवाज पुष्कळ मुलांना आवडतो. सुरुवातीला कोपराला हात लावून मदत करा, आठवड्याने नुसता स्पर्श, मग तोही नको. एकदा शब्द बोललात की मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. त्याला शब्द ऐकून, कळून, उठायला तेवढा वेळ लागतो. मध्येच ‘चल ना रे, उशीर होतोय’ म्हटलं की पहिला शब्द पुसला जातो आणि गोंधळ नव्याने सुरू होतो.

आंघोळच का नको, हेही बघायला हवं. साबण डोळ्यांत जातो का, न्हाणीतल्या चुलीचा धूर कोंडतो का, पाणी त्याच्या मानाने कढत असतं का? आणि आंघोळ कधी संपणार हे त्याला दिसतं का? एक सोपी युक्ती करा. बादलीला आतून रंगीत पट्टीची खूण करा, तेवढंच पाणी घ्या. बादली रिकामी, आंघोळ संपली. मग वरून एक तांब्याही जास्त घालायचा नाही, डोक्याला साबण राहिला असला तरी. उद्या खूण दोन बोटं वर सरकवा.

कार्डाखाली शब्द लिहाल तो घरात बोलता तोच लिहा. न्हाणी म्हणत असाल तर बाथरूम लिहू नका. हा शब्द खरं तर मोठ्यांसाठी असतो, म्हणजे आजी, काका, शाळेच्या गाडीवरचे मामा सगळे एकच बोलतील. आणि सुरू करण्याआधी एक आठवडा कॅलेंडरवर नुसती खूण करा: आज आरडाओरडा झाला की नाही, अंदाजे किती मिनिटं. पट्टी सुरू केल्यावर तीन आठवडे तशाच खुणा चालू ठेवा. आठवणीवर विसंबलं तर वाईट सकाळच लक्षात राहते.

प्रश्न : चित्रं दाखवायची सवय लागली तर मुलगी बोलायची थांबेल, असं सासरचे म्हणतात. — अंगणवाडी सेविका आणि आई, दापोली

उत्तर : थांबत नाही. उलट चित्र देताना आपण दर वेळी तोच शब्द त्याच सुरात बोलतो, त्यामुळे काही मुलांचे शब्द वाढतात. ज्यांना बोलणं येणारच नाही, त्यांच्या हाती निदान मागण्याचं साधन येतं, आणि मागता आलं की ओढणं-मारणं कमी होतं. बोलणं थांबतं ते एकाच प्रकारे: मुलगी ‘पाणी’ म्हणाली तरी ‘कार्ड दे आधी’ असा हट्ट मोठ्यांनी धरला तर. शब्द आला की शब्दावर पाणी द्यायचं.

प्रश्न : आमच्या कार्यशाळेत दर उन्हाळ्यात लॅमिनेट केलेली कार्डं बनवतो. श्रावण येईतो आतून बुरशी, कडा सुटलेल्या आणि वेलक्रो गळून पडलेला असतो. — शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : चूक क्रमात आहे. बहुतेक जण अख्खा कागद लॅमिनेट करून मग कार्डं कापतात. त्यात कापलेल्या प्रत्येक कडेला कागद उघडा पडतो आणि कोकणातली हवा तिथून आत शिरते. आधी कागदाची कार्डं कापा, पाउचमध्ये एकमेकांपासून बोटभर अंतराने मांडा, लॅमिनेट करा, आणि मग प्रत्येक कार्डाभोवती निदान पाच मिलिमीटर नुसतं प्लास्टिक राहील असं कापा. कोपरे गोल करा. टोकदार कोपरा आधी सुटतो आणि मुलांना ओरखडतोही. पाउच १२५ मायक्रॉनचं घ्या. पातळ पाउच दुमडतं आणि दुमडीवर फाटतं. चकचकीत ऐवजी मॅट मिळालं तर उत्तम, कारण खिडकीसमोर चकचकीत कार्डावर चित्राऐवजी उजेडच दिसतो.

कागद कोरडा हवा. पावसाळ्यात काढलेली प्रिंट तशीच पाउचमध्ये घातली तर दमटपणा आत कोंडला जातो, बुरशी त्यातूनच येते. म्हणून वर्षाची कार्डं एप्रिल-मेमध्येच करून ठेवायची. इंकजेटची शाई पसरते. लेझर प्रिंट किंवा फोटो स्टुडिओतली प्रत टिकते.

वेलक्रो चिकटवण्याआधी जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. तेलकट बोटाचा ठसा असला तरी गोंद धरत नाही. दाबून बसवा आणि एक दिवस हात लावू नका. खरबरीत बाजू कुठे आणि मऊ कुठे हे एकदाच ठरवा आणि सगळ्या वर्गांत तेच ठेवा, नाहीतर एका वर्गातलं कार्ड दुसऱ्या वर्गातल्या पट्टीला चिकटत नाही. मुलं कार्ड मुठीत धरतात, म्हणून मऊ बाजू कार्डावर ठेवणं बरं. पट्टीवरचा वेलक्रो मात्र शिवूनच टाका: जाड कापडाची पट्टी, मशीनवर दोन शिवणी. शिवलेला वेलक्रो पावसाला दाद देत नाही.

लोहचुंबकाचे फळे किनाऱ्यालगत टाळा. पत्र्याला खाऱ्या हवेत गंज चढतो, आणि स्टीलच्या सगळ्या ताटांना चुंबक धरत नाही. सगळ्यात टिकाऊ सोय म्हणजे नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे प्लास्टिकचे चिमटे. बोटांत जोर नसलेल्यांना चिमटा उघडता येत नाही, त्यांच्यासाठी कापडी खिसे शिवा. मूळ फोटो मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि रोज लागणाऱ्या कार्डांची दुसरी प्रत घट्ट झाकणाच्या डब्यात. ‘आंघोळ’चं कार्ड हरवलं म्हणून एखाद्याची सकाळ कोलमडायला नको.

प्रश्न : पुतणी १४ वर्षांची, डाउन सिंड्रोम. दीर-जाऊ मुंबईला, गणपतीत सगळे गावच्या घरी. पंचवीस माणसं. आरती सुरू झाली की ती किंचाळते, हातातलं फेकते. गेल्या वर्षी चुलतभावाला चावली. या वर्षी काय करावं? तिला आणूच नका, असं काहींचं म्हणणं. — काकू, चिपळूण तालुका

उत्तर : काकू, तिला आणा. तयारी मात्र चतुर्थीला नाही, पंधरा दिवस आधी मुंबईतच सुरू व्हायला हवी, म्हणून जाऊबाईंना हे वाचून दाखवा.

तुम्ही आज एक काम करा. मोबाइलवर आठ-दहा फोटो काढून पाठवा: घराचा दर्शनी भाग, पडवी, मखराची जागा, तिची झोपायची खोली, न्हाणी, गावी असतील त्या चार-पाच माणसांचे चेहरे. एका फोटोत एकच गोष्ट ठेवा. घरातली बाकी सगळी पसरलेली मंडळी फोटोत आली की मुलीला काय बघायचं ते कळत नाही. यातून सहा-सात पानांची छोटी वही होते. ‘आम्ही रेल्वेने गावी जातो. घरात खूप माणसं असतात. आरतीला टाळ-घंटा मोठ्याने वाजतात. मला नको झालं तर मी कार्ड देते आणि पडवीत झोपाळ्यावर बसते.’ अशी तिच्याच तोंडची, खरी वाक्यं. ‘मी शहाण्यासारखी बसते’ असलं वाक्य त्यात घालू नका. ते तिच्यासाठी नसतं, आपल्या समाधानासाठी असतं. ही वही रोज एकदा, शांत वेळी वाचायची.

गणपतीच्या गाड्यांना उशीर होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिला नसतं. म्हणून दिवसाच्या पट्टीत ‘बदल’चं एक कार्ड असू द्या, गडद पिवळं, त्यावर वळलेला बाण. ते आधी चांगल्या बदलांना वापरायचं: आज पोळीऐवजी डोसा, आज शाळेला सुट्टी. आठ-दहा वेळा ‘बदल’ म्हणजे काहीतरी बरं निघालं, तर फलाटावर दोन तास काढायचा बदल ती सोसू शकते.

आता आरती. ती किती वेळ चालणार हे पंचवीसांतल्या कोणालाच नक्की माहीत नसतं आणि तिचा सगळा त्रास तिथेच आहे. पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच आरत्यांची पाच गोल कार्डं लावा, शेवटी प्रसादाचा फोटो. एक आरती संपली की एक गोल तिने काढून डब्यात टाकायचा. ऐन वेळी कोणी वडीलधारे आणखी एक आरती धरतात. ती वाढीव आरती सुरू होण्याआधी पट्टीवर एक गोल वाढवा आणि ‘बदल’ दाखवा. न दाखवता वाढवलीत तर पट्टीवरचा तिचा विश्वास त्याच दिवशी संपतो. पहिल्या दिवशी ती एकच आरती थांबली तरी पुष्कळ. तिची जागा दाराजवळ हवी, मखरासमोर कोंडून नको. कानांवर लावायचे इअरमफ मुंबईतच सवयीचे करून आणा. कापसाच्या बोळ्याने टाळांचा आवाज फारसा अडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं कार्ड ‘बाहेर’चं. ते तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला लावलेलं असावं. शिकवायचं ते शांतपणे, घरी, रोज पाच-सहा वेळा: काहीतरी चालू असताना कोणीतरी मागून तिचा हात धरून कार्ड समोरच्याला द्यायला लावायचं. समोरच्याने दोन-तीन सेकंदांत ‘बाहेर, चल’ म्हणायचं, दोन मिनिटं बाहेर, मग परत आत. गणपतीत हे कार्ड दर वेळी मानायचं. एकदा जरी ‘थांब, ही आरती होऊ दे’ म्हटलं, तर तिच्या लेखी कार्ड निकामी ठरतं, आणि चावणं कधीच निकामी ठरत नाही, कारण चावल्यावर सगळे लगेच बाजूला होतात. चावून झाल्यावर मात्र कार्ड पुढे करू नका. तसं केलं तर चावणं हा कार्डाआधीचा भाग आहे असं ती शिकेल. तिचं बिनसायला लागल्याच्या खुणा जाऊबाईंना ठाऊक असतील: कान चोळणं, ओढणी तोंडात घेणं, एका जागी पाय आपटणं. कार्डाची आठवण तेव्हाच करायची.

पंचवीस माणसांत सगळे लक्ष ठेवतात म्हणजे कोणीच ठेवत नाही. तासातासाची पाळी लावा आणि ज्याची पाळी असेल त्याचा फोटो तिच्या पट्टीवर लावा, म्हणजे कोणाकडे जायचं ते तिला कळेल. विसर्जनाचं पानही वहीत हवं. मूर्ती पाण्यात जाते आणि परत घरी येत नाही, हे आधी न दाखवल्यामुळे त्या संध्याकाळी रडून गोंधळ घालणारी मुलं पुष्कळ आहेत.

प्रश्न : ११ वर्षांच्या मुलासाठी स्टारचा तक्ता केला. दहा स्टार झाले की रविवारी मोबाइल. चार दिवस छान चाललं, मग बंद. दंगा केला की मी एक स्टार काढून घेतो. — वडील, अलिबाग

उत्तर : दहा फार, रविवार फार लांब, आणि काढून घेणं बंद करा. कमावलेला स्टार मजुरीसारखा असतो. दुपारच्या दंग्यासाठी सकाळची मजुरी कापली तर उद्या कामावर कोण येईल?

तीन जागांची पट्टी करा, त्यातल्या दोन आधीच भरलेल्या. एक काम केलं, तिसरा लागला, लगेच बक्षीस. बक्षीसाचा फोटो पट्टीच्या टोकाला हवा आणि तो मुलाने सुरुवातीला स्वतः दोन-तीन पर्यायांतून निवडलेला हवा. काम झाल्यावर पाच सेकंदांच्या आत स्टार हातात पडला पाहिजे. आठवडाभर जमलं की एकच जागा आधी भरलेली, मग एकही नाही, मग पट्टी पाचांची. ‘शहाण्यासारखं वागणं’ यावर स्टार देता येत नाही, कारण त्याचा फोटो काढता येत नाही. ‘ताट मोरीत ठेवलं’ याचा काढता येतो. मोबाइल बक्षीस असेल तर संपण्याची खूणही दिसायला हवी, म्हणजे वाळूचं घड्याळ किंवा स्वयंपाकघरातला टायमर. नाहीतर बक्षीस परत घेतानाच भांडण होईल.

प्रश्न : भाऊ २६ वर्षांचा, आमच्याच आंब्याच्या खळ्यात पेट्या भरतो. चूक दाखवली की चिडतो, अर्ध्यावर काम टाकून निघून जातो. त्याच्यासाठी तक्ता आणला, पण त्यावर कार्टूनची चित्रं. गडी हसतात. — देवगड

उत्तर : ती चित्रं आजच काढा. २६ वर्षांच्या माणसाला बाळाची चित्रं दिली की गडी त्याला बाळच समजणार. त्याचे स्वतःचे हात काम करताना दिसतील असे फोटो घ्या, वरून, म्हणजे त्याला स्वतःला दिसतं त्याच बाजूने. ते खिशात मावतील एवढे छापून कडीत ओवा. बाकी गड्यांच्या खिशात मोबाइल, याच्या खिशात हे.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात ‘टीच’ नावाचा कार्यक्रम आहे, १९७२ पासून राज्यभर चालतो. तो स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींसाठी उभा राहिला, पण त्यातला एक आडाखा इथे चपखल बसतो. काम करणाऱ्याला चार गोष्टी न विचारता दिसल्या पाहिजेत: कोणतं काम, किती, संपलं हे कसं कळणार, आणि नंतर काय. तुमच्या खळ्यात ‘किती’ आणि ‘संपलं’ या दोन्हींची उत्तरं तोंडी असतात, तीही दिवसात चारदा बदलतात. तो चिडतो ते बहुधा इथे.

डाव्या बाजूला आज त्याने भरायचे तेवढेच रिकामे खोके रचा, समजा आठ. उजवीकडे भरलेले. डावी बाजू रिकामी झाली की काम संपलं. उत्साहाने भरतोय म्हणून नववा खोका ठेवू नका. डझन मोजण्यासाठी जाड पुठ्ठ्याला बारा गोल भोकं पाडा, खालून दुसरा पुठ्ठा चिकटवा. बारा घरं भरली की डझन झाला, मोजायची गरजच नाही. पुढच्या पायऱ्या फोटोत: तळाला गवत, आंबे देठाची बाजू एकाच दिशेला ठेवून, वर गवत, झाकण. गवत किती, हे ‘थोडं’ म्हणून सांगू नका. खोक्याला आतून मार्करने रेघ मारा, रेघेपर्यंत गवत.

चूक दाखवण्याची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे डागी आंबा. ‘हा कसा घातलास?’ असं चार जणांसमोर विचारलं की कोणीही चिडेल. टेबलावर दोन फोटो लावा: ‘चालतो’ आणि ‘बाजूला’. ‘बाजूला’ खाली एक टोपली. दुसऱ्या फोटोत डाग, चिकाने काळी पडलेली साल आणि फुटलेलं देठ असे तीन खरे नमुने दाखवा. शंका आली तर आंबा तिसऱ्या, ‘दादाला विचार’च्या टोपलीत. दिवसाअखेर ती टोपली दोघांनी मिळून बघा. त्याचा निर्णय बरोबर होता ते आंबे आधी उचला.

त्याच्याही पट्टीत ‘विश्रांती’चं कार्ड हवं, दर दोन खोक्यांनंतर. आणि शेवटचा फोटो पैशांचा, रोज हातात पडणाऱ्या. घरचाच आहे म्हणून मजुरी देत नसाल, तर तो अर्ध्यावर का जातो याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

प्रश्न : नातू सात वर्षांचा. फाटक उघडं दिसलं की थेट समुद्राकडे. समुद्राच्या चित्रावर लाल फुली मारून दारावर लावलंय. — आजी, श्रीवर्धन

उत्तर : आजी, ते चित्र आधी काढा. पुष्कळ मुलांना फुली दिसतच नाही, समुद्र दिसतो. आपण दारावर रोज समुद्राची जाहिरात लावल्यासारखं होतं.

चित्र म्हणजे कडी नव्हे, हे पाण्याच्या बाबतीत पक्कं लक्षात ठेवा. फाटकाला त्याचा हात पोचणार नाही अशी वर कडी, विहिरीवर लोखंडी जाळी आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवणं, हे पहिलं. त्यानंतर फाटकाच्या आतल्या बाजूला काय करायचं ते दाखवणारा फोटो: नातू उभा आहे आणि त्याने तुमचा हात धरला आहे. जमिनीवर तिथे पिवळी रेघ ओढा. बाहेर जाताना दर वेळी रेघेवर थांबणं, हात धरणं, मग फाटक उघडणं. आणि रोजच्या पट्टीत समुद्राचा फोटो खुशाल लावा, संध्याकाळी पाचच्या घरात, बाबाच्या फोटोशेजारी. समुद्र कधी मिळणार हे दिसलं की पळून जाण्याचं निम्मं कारण उरत नाही. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा त्या घरात ‘बदल’ आणि पाण्याची दुसरी मजा: अंगणात बादली, पन्हळीखाली भिजणं.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची. वर्षभर चित्रांची पट्टी छान चालली होती. गेले दहा दिवस प्रत्येक कार्डाला ‘माका नको’. जेवणाचं कार्ड फेकते, रात्री उठून बसते, स्वतःच्या गालावर मारते. नवीन तक्ता करू का? — आई, मालवण

उत्तर : नको, ताई. चालणारी पट्टी दहा दिवसांत अचानक बंद पडली, तर पट्टी बघू नका, मुलीचं शरीर बघा. गालावर मारणं आणि जेवण टाकणं एकत्र आलं की दात आणि कान आधी तपासून घ्यायचे. त्याशिवाय बद्धकोष्ठ, पाळीच्या आधीची पोटदुखी, लघवीला जळजळ, आणि फिट्सचं किंवा दुसरं एखादं औषध नुकतंच बदललं असेल तर ते. ज्यांना ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, त्यांचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं आणि आपण त्याला हट्ट म्हणतो.

दुखणं सांगायचं कार्ड मात्र करून ठेवा, पुढच्या वेळेसाठी. तिच्याच उंचीचा, समोरून काढलेला पूर्ण फोटो मोठा छापून घ्या आणि सोबत एक लाल गोल टिकली. दुखत असताना हे शिकवता येत नाही. डास चावला, बोटाला सुरी लागली, गुडघा खरचटला, अशा वेळी टिकली तिच्या हाताने त्या जागी लावायची, ‘दुखता’ म्हणायचं आणि लगेच तिथे मलम किंवा फुंकर. वीस-पंचवीस वेळा झालं की टिकलीचा अर्थ लागतो.

दवाखान्यात याच आठवड्यात जा. जाताना एका कागदावर लिहून न्या: मारणं कोणत्या वेळी, कोणता गाल, जेवणाआधी की नंतर, शौचाला शेवटचं कधी झालं, पाळीची तारीख, रात्री किती वाजता उठली, कोणती औषधं चालू आहेत. तिच्यासाठी चार कार्डांची पट्टी न्या: रिक्षा, डॉक्टर, तोंड उघडणं, घर. ‘घर’चं कार्ड तिच्या हातातच राहू द्या.